हाडांचं खत

— नाही हो, बसा की, बसा. ही सॅक मी मांडीवर घेते, म्हणजे होईल जागा. ती कापडी पिशवी? राहू द्या तिथंच खाली. मुंग्या चढतील? चढू देत, त्यांनाही पोट आहे. — असं काय बघताय? हो, बरोबर ओळखलंत, पिशवीवर बागेचाच शिक्का आहे, राख आणायची पिशवी ती. नवऱ्याची. बून तेक नाव त्याचं. आज इथं द्यायचंय त्याला, लोकांदेखत, समाजकेंद्रातली सगळी म्हातारी मंडळी बसनं बघायला येतायत, आणि मी आपली आधीच येऊन बसलेय. तुम्ही मनात म्हणत असाल, काय बाई आहे, नवऱ्याला खुशाल मातीत टेकवलाय आणि सॅक मात्र तान्ह्या बाळासारखी धरून बसलीय. तसं नाही हो. सॅकमध्ये — सॅकमध्ये आपली बिस्किटं आहेत. बिस्किटांचा डबा. नको, आत्ता नको उघडायला, या दमट हवेत मऊ पडतात. — पण तुम्हीही भलत्या धीट दिसता. तुमच्या पिशवीतून पंदानच्या पानांचा वास येतोय, ताजे कुएह आहेत ना, तांदळाच्या गोड वड्या? इथं खायचं आणायचं नाही म्हणून फाटकावर एवढा मोठा फलक लावलाय. घाबरू नका, मी नाही सांगणार कुणाला. माझं तोंड एरवी बंद राहत नाही, पण कुणाच्या कुएहच्या बाबतीत राहतं. — दचकलात? ढग नव्हेत ते. कुंपणापलीकडं लष्करातली पोरं नेम धरायला शिकतायत. इथल्यांना बरं आहे, कुणाची झोपमोड होत नाही.

बाग म्हणतात, पण बाग कसली — खडीचे लांबट वाफे, मध्ये चालायला वाट, कडेला झाडं. वाफा दाखवतात, तिथं राख ओतायची, वरून झारीनं पाणी घालायचं, की झालं. दगड नाही, नाव नाही, फोटो नाही, उदबत्ती नाही. उद्या त्याच वाफ्यात दुसरं कुणी. माझी थोरली नणंद आहे, आ-गेक, तिला हे सांगितलं तेव्हा ती जेवणावरून उठली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मी म्हटलं आता उडी मारते की काय. तर आत आली आणि म्हणाली, "मग त्याचं डोकं कुठं असेल, आणि पाय कुठं?" खरंय तिचं. आपल्यात कलश भरताना आधी पायाची हाडं घालायची, मग कंबर, मग छाती, आणि सगळ्यात वर कवटी — नाहीतर माणूस तिकडं जन्मभर, म्हणजे मरणभर, खाली डोकं वर पाय. आणि इथं तर यंत्रात घालून सरळ पीठ करून देतात! मी म्हटलं, "ताई, जिवंतपणी तरी त्याचं डोकं कुठं असायचं ते कुणाला कळलंय?" ती काही हसली नाही. म्हणाली, "परक्या बायकांच्यात मिसळेल तो." म्हटलं, मिसळू दे, सिनेमाला गेला तरी कडेची खुर्ची शोधायचा, लग्नात गेला तरी खांबामागचं टेबल. जरा शिकेल मिसळायला. तर म्हणाली, "तुला बोलता येतं म्हणून तू जिंकतेस." आणि पर्स उचलून गेली. तिला तो गार हवेच्या इमारतीतल्या कप्प्यात हवा होता, आई-वडिलांच्या शेजारी, बाहेर संगमरवरी झाकण, त्यावर फोटो. तसा वाईट नव्हता कप्पा. बघून आले होते मी एकदा. गुपचूप. — नाही, घ्यायला नाही हो, नुसतं बघायला.

आता तुम्ही विचाराल, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कुठून. विचारा ना. — बरं, नका विचारू, मी सांगते. माझ्या वडिलांना पुरलं होतं. थाटात. जाड लाकडाची पेटी, वर वार्निश, आत रेशमी अस्तर, ओढायला बैलच काय ते नव्हते. आणि पंधरा वर्षांनी सरकारी निरोप — जागा रिकामी करा. भाडेकरूला सांगावं तसं. ही एवढीशी आपली भूमी, जिवंतांना जागा पुरत नाही तिथं मेलेल्यांनी किती दिवस पाय पसरायचे? तर उकरायला गेलो. हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं म्हणून मी काळी छत्री धरून उभी. खणणारा खाली उतरून एकेक हाड वर देत होता, भाऊ ताटात घेत होता, आणि मग खणणाऱ्यानं शर्ट दिला. टेरिलीनचा. निळा. गुंड्यांसकट, कॉलर ताठ. वडील संपले होते आणि शर्ट धुऊन पुन्हा घालता आला असता. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायची. पान कसं कुजतं, त्याची माती कशी होते, फळ्यावर बाणबिण काढून दाखवायची. आणि तिथं छत्री धरून माझ्या डोक्यात एकच — माणसानं एवढं तरी करावं, की आपण गेल्यावर आपला शर्ट मागं उरू नये. झालं. काही बायकांना देव भेटतो, मला शर्ट भेटला.

आणि एकदा भेटल्यावर मी काय सोडते! नोकरी संपली तशी सुटलेच मी. या वस्तीतलं समाजकेंद्र, त्या वस्तीतलं समाजकेंद्र, देवळाचं सभागृह, चर्चचा हॉल, जिथं म्हणून चार पिकली डोकी जमतील तिथं मी हजर. वार्निशचं काय होतं, पितळी कड्यांचं काय होतं, एका पेटीला किती झाड लागतं. सोबत पुठ्ठ्याची शवपेटी — हो, पुठ्ठ्याचीच, घडी घालून बसमध्ये नेता यायची. आणि पेटीत झोपून दाखवायला बून तेक. दुसरं कोण झोपणार? त्याला मी विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं, "शनिवारी मोकळा आहेस का?" तो म्हणाला, "खायला काय आहे?" म्हटलं, करी पफ. तर आला. पुढं कायमचा येत राहिला. मी बोलायला लागले की तो पेटीत शिरायचा, हात पोटावर ठेवायचा आणि अहो, खरोखर झोपायचा. घोरायचा. मी इकडं पृथ्वीचं भवितव्य सांगतेय आणि पेटीतनं घुर्र, घुर्र. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बघते तर माझ्या भाषणानं काही होत नव्हतं, त्याच्या घोरण्यानं होत होतं. म्हातारे वाकून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "एवढी गाढ झोप लागते होय यात? मग आमचंही नाव घाला." मी घसा कोरडा केला आणि श्रेय गेलं त्याला. घरी येताना म्हणायचा, "आज पफमध्ये बटाटाच जास्त होता." त्याचं एवढंच म्हणणं असायचं पृथ्वीबद्दल.

मग तो खरंच गेला. सकाळी बाजारात गेला मासे आणायला, आणि मासे घरी आले. मासेवालीनंच आणून दिले, दोन पापलेटं, साफ केलेली, आणि ती दारातच उभी राहिली. हॉस्पिटलातून फोन आला तो त्यानंतर. मी काय केलं असेल? मी ते मासे धुतले. मीठ लावलं. आलं चिरलं, अगदी बारीक, त्याला लागतं तसं बारीक. आणि मग चपला घातल्या.

— हं. काय सांगत होते मी?

हां, बसचं कसं ठरलं ते. तर आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मयताचा मांडव घातला, सगळ्यांचा घालतात तसा — गोल टेबलं, शेंगदाणे, गोड पाणी, कोपऱ्यात पत्ते. पुठ्ठ्याची पेटी, अर्थात. आ-गेक पेटीकडं पाठ करून बसलेली. आणि मी, मी काय केलं असेल सांगा? भाषण ठोकलं. पेटीशेजारी उभी राहून. पेटीवर टिचकी मारून दाखवली, "बघा, पुठ्ठा आहे, पण किती मजबूत." आणि त्या भरात बोलून बसले की याची राख मी बागेत देणार आहे, आणि ज्यांना ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी बस करू. टाळ्या पडल्या हो! मयताला टाळ्या. नवऱ्याच्या मांडवात टाळ्या घेणारी या सबंध बेटावर मी एकटीच असेन. त्या वेळी मला काही वाटलं नाही. नंतर खुर्च्या उचलायला लागले तेव्हा सवयीनं पेटीकडं वळून म्हटलं, "ऊठ आता, संपलं."

मग राख आली घरी. आणि राहिलीच. आधी म्हटलं, पाऊस आहे. मग म्हटलं, हवेत फार धूर आहे. मग म्हटलं, आ-गेकचे गुडघे बरे होऊ देत. गुडघे बरे झाले. कारणं संपली तेव्हा म्हटलं, त्यालाच विचारावं. हसू नका हं — नाणी टाकून. हो, मीच, विज्ञानाची टीचर! छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, आ-गेक करते ना, पितरांपुढं जेवण मांडायचं आणि थोड्या वेळानं दोन नाणी टाकून विचारायचं, जेवलात का? एकावर फूल आणि एकावर आकडा आला तर हो. दोन्ही आकडे आले तर नाही, अजून चाललंय. आणि दोन्ही फुलं आली तर समोरचा हसतोय. लहानपणापासून बघत आले आणि लहानपणापासून मनात म्हणत आले, काय खुळी माणसं आहेत. तर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा ठेवला — डबा कसला, कलश हो, कलश, तोंडातून आपलं डबा गेलं — समोर कॉफी ठेवली, आणि विचारलं, "बून तेक, तुला बागेत नेऊ की इथंच ठेवू?" हसला. पुन्हा टाकली. हसला. दुसऱ्या दिवशी विचारलं, हसला. नाणी बदलली, आ-गेकची जुनी नाणी मागून आणली, तीही हसली. अहो, जिवंतपणी या माणसाला माझा एक विनोद कधी कळला नाही, आणि आता बघावं तेव्हा हसतोय! मग मी चिडले. म्हटलं, काय ते धड सांग. तर — काय? काय म्हणालात? — एका वेळी एकच विचारायचं? "नेऊ की ठेवू" म्हणजे दोन प्रश्न झाले? हो... अहो, हो की! फूल-आकडा पडून तो "हो" म्हणाला असता तरी मी काय समजणार होते, हो ने की हो ठेव? अरे देवा. वर्गात पोरांना आयुष्यभर ओरडून सांगितलं, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एकच! आणि घरच्या प्रयोगात मी हा गाढवपणा केला. हसेल नाहीतर काय करेल बिचारा. आ-गेकला सांगू नका हं. तुम्ही कशाला सांगाल म्हणा, तुमची कुठं ओळख.

— आत्ता? इथं विचारू? नाणी आहेत तुमच्याकडं? — नको. नको हो, राहू द्या पर्समध्येच. का म्हणजे? आत्तापर्यंत निदान हसत तरी होता. सरळ एकच विचारलं आणि तो "हो, ने" म्हणाला तर? मग न्यावंच लागेल की मला.

हे मी असं मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं बरं का.

आता एवढं सांगितलंय तर उरलेलंही सांगून टाकते. तुम्ही परक्या आहात म्हणून. परक्याला सांगितलेलं मुरतं, ओळखीच्याला सांगितलेलं उगवतं. तर — त्या कापडी पिशवीत बून तेक नाही. हाडांचं खत आहे. माझ्या गॅलरीत बोगनवेल आहे तिला घालते ते. दाणा तसाच, रंग तसाच, थोडा वास येतो पण इथं पाणी घातलं की कळत नाही. मी ठरवून आलेय सगळं. बस येईल, मंडळी वाफ्याभोवती उभी राहतील, मी गंभीर चेहरा करीन, ओतीन, झारी फिरवीन, दोन शब्द बोलीन. माझे दोन शब्द म्हणजे तुम्हाला कल्पना आली असेलच. माना खाली घालतील सगळे खतापुढं. मी शर्टाच्या नावानं अख्खं बेट पालथं घातलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा निसर्गाला काय देणार, तर दुकानातून आणलेली पुडी! — तो? तो इथं आहे. सॅकमध्ये. बिस्किटांच्या डब्यात. अहो, घरी ठेवून यायला जीव होईना. म्हटलं सगळी मंडळी बसनं सहलीला येणार, नंतर खाणंबिणं असणार, आणि हाच एकटा घरी? चुकवायचा नाही तो असलं काही. — आता कळलं ना, मघाशी तुम्हाला बिस्किटं का दिली नाहीत!

हसा, हसा. बरं वाटतं कुणी हसलं की. तुम्ही नाण्यांसारख्या नाही हसत, मोकळ्या हसता.

तुमचं सांगा आता. मीच मघापासून. तुमचे कोण आहेत इथं? — यजमान. कुठल्या वाफ्यात? — त्या पलीकडच्या, चाफ्याजवळ. छान आहे, सावली आहे. आणि दर आठवड्याला येता? कुएह घेऊन? काय करता मग, शेजारी बसून खाता? — आधी त्यांना दाखवता, मग खाता. बरोबर आहे. — पण तुमच्या वयाच्या बायका तर इकडं वळत नाहीत हो, त्यांना कप्पाच हवा असतो. तुम्हाला कुणी घातलं हे डोक्यात? मुलांनी? — नाही? मग? — भाषण ऐकलंत. कुठं? — बाजारामागच्या केंद्रात. — एक टीचर आली होती. — पुठ्ठ्याची पेटी घेऊन.

पेटीत एक माणूस घोरत होता.

...

म्हणजे तुम्ही मला ओळखलंत? एवढी टोपी, त्यावर हा मास्क, आणि तरी — आवाजावरून? कधी? — बसतानाच! अहो मग सांगायचं नाही का? एक शब्द तरी बोलायचा! — मी बोलू दिलं नाही. हं. ते मात्र खरं आहे. तोही असंच म्हणायचा. नाव काय तुमचं? — येओ आंटी. येओ आंटी, मी कुठल्या तोंडानं बोलू आता? माझं ऐकून तुम्ही आपल्या माणसाला स्वतःच्या हातांनी तिथं ओतलंत, घरी रिकाम्या हातांनी गेलात, दगड नाही नाव नाही अशा जागी दर आठवड्याला बस बदलून येता, आणि मी — मी तुमच्याशेजारी खताची पिशवी घेऊन बसलेय. द्या मला दोन थोबाडीत. खरंच द्या. मास्क काढते हवं तर.

— काय काढताय? बामची डबी? नको हो, डोकं नाही दुखत माझं, तसंच बोलले मी — उघडू म्हणता? बरं, उघडते.

हे बाम नाही.

येओ आंटी, हे बाम नाही. — चमचाभर? कधी काढलंत? — ओतायच्या आधी, तिकडं हात धुवायच्या जागी. चहाच्या चमच्यानं. आणि चमचा कुठला, घरून आणला होतात? म्हणजे ठरवून! माझ्यासारखंच! — कोण? मिसेस फू? ती तर माझ्या भाषणाला पहिल्या ओळीत बसून डोळे पुसायची. तिनंही? कशात? — शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. आणि ते रिटायर्ड सार्जंट? एवढे ताठ, "टीचर, मला शंभर टक्के पटलं" म्हणाले होते — बायकोला पेनाच्या टोपणात! खिशाला लावून फिरतात! अहो म्हणजे ओळखीचे म्हणून जेवढे इथं आहेत... सगळ्यांनीच? म्हणजे या बागेत एकही माणूस पुरता नाही! कुणाचा अंगठा उशाशी, कुणाचा कान बटणांत, कुणाचं नाक खिशाला! मी जिथं तिथं घसा फोडून सांगत होते, मागं काही उरू द्यायचं नाही, आणि तुम्ही सगळे माझे करी पफ खाऊन, माना डोलावून, घरी जाऊन चमचे शोधत होतात. आणि मला कुणी सांगितलं नाही. — रागावले असते म्हणून? रागावलेच असते. चमच्यावर वेगळं भाषण केलं असतं. चित्र काढून.

— काय? मीही ठेवावा? चमचाभर? — येओ आंटी, तुमचं मन मोठं आहे. पण नाही. मी मला ओळखते ना. तुम्ही चमचाभर काढाल, झाकण लावाल, डबी पिशवीत टाकाल आणि भाजी आणायला जाल. मी झाकण लावणार नाही. त्या चमचाभर माणसाला मी सकाळी उठून कॉफी विचारीन, दुपारी त्याच्यावर ओरडीन, संध्याकाळी सांगीन आज अमकी काय म्हणाली. इतके दिवस तेच करतेय. शेजारची बाई परवा लिफ्टपाशी भेटली, चांगली म्हणत होती, जेवायला या आमच्याकडं. मी म्हटलं, नको, हा घरी एकटा आहे. ती आपली लिफ्टचं बटण दाबून उभी राहिली. लिफ्ट आली तरी दाबूनच उभी होती बिचारी. — नाही, मी डबाभर ठेवलाय म्हणून असं होत नाही, चिमूटभर असता तरी असंच झालं असतं. ज्याला जमतं त्यानं ठेवावं. मला जमायचं नाही. मला एक तर सगळा पाहिजे, नाहीतर —

आली. बस आली बघा. वळली फाटकातून. त्यात पुढच्या खिडकीत ती पांढरी टोपी, ती आमची आ-गेक. मला म्हणाली होती मी येणारच नाही, आणि बसलीय सगळ्यांच्या पुढं. अगबाई, किती माणसं आणलीयत. छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, ते कॅमेरा घेऊन कोण उतरलं? मीच सांगून ठेवलं होतं, सगळं नीट टिपून घ्या, पुढच्या भाषणाला उपयोगी पडेल. ऐका ना — येओ आंटी, एक काम कराल माझं? ती कापडी पिशवी उचला. उचला, जड नाही, मघाशी खोटं — नाही, मघाशी मी जड म्हटलंच नव्हतं. त्या सगळ्यांना छपराखाली बसवा. सांगा, टीचर येतेय, आणि येऊन ती तुम्हाला त्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी हे ओतून दाखवणार आहे, कसं धरायचं, वारा कुठून बघायचा, पाणी किती घालायचं, सगळं. आणि स्पष्ट सांगा की हे हाडांचं खत आहे. तुम्ही सांगा, मीही येऊन सांगते. शिकायला खत पुरतं. झाडालाही चालेल. बून तेक आज उदाहरण नाही. माझी इतकी वर्षं त्याला उदाहरण करण्यात गेली, आज तो नुसता माझा नवरा आहे. — आणि ते डब्याचं, चमच्याचं, तेही सांगून टाकीन आज. म्हणीन, येताना लहानशी डबी आणा, लागली तर असू द्या. सार्जंटसाहेबांचं नाव नाही घेणार, भिऊ नका.

कुएह? आत्ता? — द्या एक. नाही, त्याच्यासाठी नाही, मलाच भूक लागलीय, सकाळपासून काही खाल्लेलं नाही. — बरं, दोन द्या.

आणि हे बघा, आ-गेकला मात्र बसवू नका तिथं. तिला इकडं पाठवा. फक्त तिला. तिचा भाऊ आहे. ती म्हणेल तसं याला वाफ्यात ओतू, हळू म्हणाली तर हळू, थांब म्हणाली तर थांबू. मी काही बोलणार नाही. — हसू नका, एकदा तरी जमेल मला.

जा आता. लांब जातील नाहीतर ते, त्या वाफ्यात पाय देतील. — काय झालं? नाही हो, रडत नाहीये मी, झाकण घट्ट बसलंय, त्याला जोर लावतेय. या डब्यांचं असंच असतं. तुम्ही नका लावू हात, माझं मी काढते. जा. येओ आंटी, जा म्हणते ना.